आराखड्यात नसलेला शनिवार

आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाने कित्येक वर्षं आपल्याच विद्यार्थ्यांना फसवलं. त्यातली तीन वर्षं फसवणाऱ्यांत मी होतो. मी ते थांबवलं, आणि वर्ष सरताच आमच्या प्राचार्यांनी मला फसवलं. हे मी ऐकीव सांगत नाही. तिन्ही वेळा मी तिथे हजर होतो.

कॉलेजच्या वार्षिकांकाच्या संपादकांनी 'अध्यापनातले गोड अनुभव' लिहायला सांगितलंय. गोड अनुभव आहेत, पुढे येतील. आधी हे सगळं आत्ताच का लिहितोय ते सांगतो. आमच्या प्रयोगशाळेचा अटेंडंट मल्लप्पा येत्या मे महिन्यात निवृत्त होतोय. गेली चार वर्षं दर शनिवारी दुपारी तो दोन तास प्रयोगशाळा उघडतो आणि जी मुलं चाचणीत चुकली ती तिथे येऊन पुन्हा प्रयोग करतात. हे दोन तास कॉलेजच्या वार्षिक आराखड्यात नाहीत. मल्लप्पा गेल्यावर त्याच्या जागी जो येईल तो आराखड्यात नसलेल्या तासाला कुलूप काढणार नाही, आणि त्याने का काढावं? म्हणजे जूनपासून शनिवार बंद. तो बंद पडू नये एवढ्यासाठी हा कागद खर्ची घालतोय.

मी मूळचा माळशिरसकडचा. वडील मेंढरं राखायचे. आठवडी बाजारात सौदा घोंगडीखाली व्हायचा. घेणारा आणि देणारा दोघांचे हात घोंगडीखाली, बोटं धरून भाव सांगायचा, तोंडाने अवाक्षर काढायचं नाही. वडिलांनी मला दहाव्या वर्षी ती बोटं शिकवली. पुढे वसतिगृहात राहून, लोकांच्या शिकवण्या घेत शिकलो आणि सोलापुरात प्राध्यापक झालो. कुणाचं शिफारसपत्र घेऊन आलो नाही. सहकारी म्हणतात, वाघमोडे भांडतो. मी भांडत नाही. मी सौदा करतो, फक्त आवाज मोठा आहे.

आता बाहेरच्यांसाठी आमचं काम थोडं सांगतो. जूनमध्ये कॉलेज उघडलं की प्रत्येक विभागाला वर्षाचा आराखडा द्यावा लागतो. कोणता धडा कोणत्या आठवड्यात, किती तासांत, प्रयोग कोणते, चाचण्या कधी, हे सगळं त्यात लिहायचं. नंतर चाचण्या घेऊन मुलांना काय आलं, काय नाही ते पाहायचं आणि त्यावरून पुढच्या वर्षीचा आराखडा सुधारायचा. असं पुस्तकात असतं. आमच्याकडे काय व्हायचं? आमचे विभागप्रमुख इनामदार सर यांनी एका वर्षी फार सुंदर आराखडा केला होता. तपासणीला आलेल्या समितीने तो वाखाणला, दुसऱ्या कॉलेजांना दाखवायला म्हणून त्याची प्रत मागून नेली. तेव्हापासून तो आराखडा विभागात पोथीसारखा झाला. दर जूनला कपाटातून काढायचा, कार्बन लावायचे, टाइप करायचा, फक्त तारखा बदलायच्या. तीन वर्षं ते टायपिंग मी करून घेतलं. वाचलं मात्र एकदाही नाही. तारखा बदलणाऱ्याला वाचायला वेळ नसतो.

त्या आराखड्याचं शेवटचं पान मल्लप्पासाठी होतं. आमच्या प्रयोगशाळेत वीस टेबलं. चाचणीला प्रत्येक मुलाला एका कागदात चिमूटभर पांढरी, निळी, हिरवी अशी पूड मिळते. तिला क्षार म्हणतात. पोरं आणि मल्लप्पा सॉल्ट म्हणतात. त्यात कोणता धातू आहे आणि क्षार कोणत्या आम्लापासून बनला, हे एकेक रसायन घालून, तापवून, ज्योतीवर धरून ओळखायचं. कोणत्या टेबलावर कोणता क्षार ठेवायचा याची यादी त्या शेवटच्या पानावर होती. सरांनी मल्लप्पाच्या सोयीसाठी केली होती. आराखड्याबरोबर तीही दर वर्षी जशीच्या तशी टाइप व्हायची.

विद्यापीठाच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक यायचे. पण बाटल्या आमच्या, मांडणी मल्लप्पाची आणि मांडायचा कागद तोच. त्यामुळे तिथेही आमचा विभाग चमकायचा.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. सप्टेंबरात दुसऱ्या वर्षाच्या वर्गाची चाचणी झाली. साठ मुलं, वीस-वीसच्या तीन तुकड्या. मी यादी समोर ठेवून पेपर तपासले, गुण लावले, आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मी येमुल नावाची मुलगी विभागात माझ्या टेबलापुढे उभी राहिली. वर्गात सहा मुली, त्यातली ही सर्वांत कमी बोलणारी. त्या दिवशी बोलली.

"सर, मला शून्य कसं?"

"उत्तर चुकलं म्हणून. सात नंबरच्या टेबलावर स्ट्रॉन्शियम नायट्रेट होतं. तू बेरियम क्लोराइड लिहिलंयस."

"ज्योत हिरवी होती, सर."

"स्ट्रॉन्शियमची लाल असते."

"स्ट्रॉन्शियमची लालच असते, सर. माझी हिरवी होती."

"तार धुतली नसशील. आधीच्याचं काही चिकटलं असेल."

"चार वेळा धुतली."

माझा आवाज चढला. "मग रंग तरी कळतात का तुला?"

तिने मान वर केली. "आमच्या घरी सूत रंगवायची भट्टी आहे, सर, साखर पेठेत. लाल आणि हिरवा मला कळला नाही तर वडील घरात घेणार नाहीत."

शेजारच्या टेबलावरचे प्राध्यापक हसले. मला हसणं सहन होत नाही. मी म्हटलं, चल, आत्ता दाखवतो. तिला घेऊन प्रयोगशाळेत गेलो, सात नंबरची बाटली काढली, प्लॅटिनमची तार आम्लात बुडवून बुडवून ज्योत बिनरंगी होईपर्यंत धुतली, पूड लावली आणि बर्नरवर धरली.

हिरवी. कच्च्या कैरीसारखी हिरवी.

दुसरी खात्री केली. पाण्यात विरघळवून पोटॅशियम क्रोमेट घातलं. पिवळा साका खाली बसला. बेरियमच. मल्लप्पा कोपऱ्यात परीक्षानळ्या धूत होता, त्याला मी हाक मारली.

"मल्लप्पा, यात स्ट्रॉन्शियम कुठाय?"

"संपलं होतं की, सर. ऑर्डर यायचीय. म्हणून बेरियम घातलं. दोन्ही पांढरंच."

"मला का नाही सांगितलं?"

मल्लप्पा होटगीचा. घरात कन्नड, आमच्याशी मराठी. त्याने नळी फडक्यावर ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सांगून काय व्हायचं, सर? पोरं काय पुडी बघून लिवतात व्हय? टेबल बघून लिवतात. होस्टेलात यादी हाय. सगळ्या कालेजला ठावं हाय, तुमालाच न्हाय. होगली बिडी."

होगली बिडी म्हणजे जाऊ द्या, सोडा. मला सोडता येत नाही.

मी पेपर पुन्हा काढले. सात नंबरच्या टेबलावर तीन तुकड्यांची तीन मुलं बसली होती. दोघांनी स्ट्रॉन्शियम नायट्रेट लिहिलं होतं. नुसतं लिहिलं नव्हतं, 'ज्योत गडद लाल दिसली' असं सुंदर अक्षरात वर्णन केलं होतं. त्या दोघांना मी पैकीच्या पैकी गुण दिले होते. न दिसलेली लाल ज्योत दिसली म्हणणारे पास, आणि दिसलेली हिरवी हिरवीच म्हणणारी नापास. गुण देणारा मी. त्या संध्याकाळी मी घरी न बोलता जेवलो, असं माझी बायको अजून सांगते. दुसरं कोणतं जेवण तिने इतकं लक्षात ठेवलेलं नाही.

लक्ष्मीचे गुण मी दुरुस्त केले. मग आराखड्याचं शेवटचं पान घेऊन इनामदार सरांसमोर गेलो.

"अहो वाघमोडे, समितीने वाखाणलेला आराखडा आहे हा," सर म्हणाले.

"आराखडा चांगलाच होता, सर. एका वर्षापुरता."

"पण मुलांचं नुकसान कुठे झालं? सगळी पास आहेत."

"टेबलं पास झालीत, सर. पोरं नाही."

सरांना राग आला नाही. वाईट वाटलं. ते वाईट माणूस नव्हते, हे आज मुद्दाम लिहून ठेवतो. एकदा चांगलं केलेलं काम पुन्हा करायची वेळ येते हे त्यांना मान्य नव्हतं, एवढंच. शेवटी म्हणाले, "तुम्ही प्राचार्यांशी बोला. मी आडवा येणार नाही."

प्राचार्य गोड बोलणारे. चहा मागवला. मी म्हटलं, यादी रद्द करतो. चिठ्ठ्या टाकून क्षार द्यायचे, बाटलीवर नाव नाही, फक्त आकडा. पण खरी चाचणी घेतली की निकाल कोसळणार. जी मुलं चुकतील त्यांना पुन्हा शिकायला जागा हवी. शनिवारी दुपारी चार तास प्रयोगशाळा द्या.

"चार? वाघमोडे, गॅसचा खर्च, अटेंडंटचा वेळ. एक तास घ्या."

"एका तासात द्रावणसुद्धा थंड होत नाही, सर."

"मग दीड."

"तीन."

ते हसले. "तुमच्याकडे म्हणे बोटं धरून सौदा करतात?"

त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, हो, घोंगडीखाली. त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, माझ्या आणि त्यांच्या हातावर टाकलं, आणि खाली माझी दोन बोटं धरली. मीही धरली. दोन तास. त्यावर तोंडी अटी दोन. पहिल्या खऱ्या चाचणीचा निकाल कुठेही नोंदवायचा नाही, फेरचाचणीनंतरचा नोंदवायचा. आणि फेरचाचणीत मुलं सुधारली तर पुढच्या जूनपासून शनिवार आराखड्यात कायमचा. दोन्ही अटी त्यांनी मान्य केल्या. मी खुशीत बाहेर पडलो. बाजारात धरलेलं बोट फिरवणारा माणूस पुन्हा बाजारात उभा राहू शकत नाही. कॉलेजात राहू शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर चिठ्ठ्यांची चाचणी झाली. मोठ्या बीकरमध्ये चिठ्ठ्या टाकून मल्लप्पा दारात उभा राहिला. पोरं हात घालायची, आकडा बघायची आणि टेबलाकडे न बघता आधी एकमेकांकडे बघायची. निकाल लागला तेव्हा साठांतले एकोणीस पास. दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस मुलं माझ्या तासाला बाहेरच उभी. पुढारी रणदिवे, करमाळ्याचा, उंच आणि बोलायला तिखट.

"सर, आमी काय घोडं मारलंय तुमचं?"

"का रे?"

"मागल्यांना यादी आन् आमाला चिठ्ठी? आमचंच वर्स सापडलं व्हय?"

"तुझं बरोबर आहे," मी म्हटलं. तो गोंधळला. भांडायला आलेल्या माणसाला पहिल्यांदा बरोबर म्हटलं की त्याचा अर्धा दम जातो. "मागच्यांना आम्ही फसवलं. तुमच्याशी सौदा करतो. दहा शनिवार या. दहा शनिवारांनंतर फेरचाचणी. त्यात तुम्हाला जमलं नाही तर सात नंबरचीच काय, वीसही टेबलांची यादी मी स्वतः फळ्यावर लिहीन."

"लिवून द्या."

"तुला लिहून देतो," म्हटलं, आणि खरंच लिहून दिलं. प्राचार्यांकडून मात्र घेतलं नव्हतं. पोरगं माझ्यापेक्षा हुशार होतं.

पहिल्या शनिवारी बेचाळीस जण आले, म्हणजे नापास एक्केचाळीस आणि लक्ष्मी. ती पास होती.

"तू कशाला?"

"तार नीट धुवायला कुणीच शिकवलेलं नाही, सर. मी दाखवते."

आणि तिने दाखवलं. रणदिवे आधी तिच्याकडून शिकायला तयार नव्हता. त्याची ज्योत सारखी पिवळी यायची, कारण हाताच्या घामातलं मीठ तारेला लागायचं. चौथ्या वेळी ती म्हणाली, "तार धरायची काचेच्या दांड्याला. तुम्ही तर बैलाच्या शेपटीसारखी धरलीय." सगळी प्रयोगशाळा हसली. त्या दिवसानंतर रणदिवेची ज्योत स्वच्छ यायला लागली.

मी एक वही केली. तिच्यात गुण लिहायचे नाहीत, मूल कोणत्या पायरीवर अडलं तेवढंच लिहायचं. तीन शनिवार झाल्यावर वही चाळली आणि जागच्या जागी बसलो. एक्केचाळिसांतली तीस-बत्तीस मुलं एकाच ठिकाणी अडत होती. धातू ओळखताना ते गटागटाने वेगळे काढावे लागतात. एक रसायन घातलं की एका गटाचे धातू तळाशी बसतात, ते गाळून बाजूला काढायचे आणि मग पुढचं रसायन. पण पुढे जाण्याआधी पहिला गट संपूर्ण निघाला का, हे आणखी एक थेंब घालून तपासायचं असतं. हा थेंब कुणीच घालत नव्हतं. त्यामुळे पहिल्या गटाचं उरलेलं पुढच्या गटात जायचं आणि सगळं उत्तर चुकायचं.

"रणदिवे, हा थेंब तुला कुणी शिकवला नाही?"

"न्हाय, सर."

"पहिल्या वर्षी गट शिकवले होते ना?"

तो आठवत राहिला. "ते गड्ड्याच्या वक्ताला झालं असंल."

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. मी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. "गड्ड्यात झालं, सर." "मी घरी होतो, पाहुणे होते." एकाने तर प्रामाणिकपणे सांगितलं, "मी पाळण्यात बसलो होतो, सर. तुमी वरनं दिसत होता, सायकलवर, कालेजला चालला होता."

आराखडा काढला. गट पाडण्याचा धडा जानेवारीच्या त्याच आठवड्यात. दर वर्षी. सरांनी तो आराखडा केला त्या वर्षी काही कारणाने सुट्टीचा हिशेब वेगळा असेल. नंतर आम्ही तारखा बदलत गेलो आणि धडा दर वर्षी नेमका गड्ड्यात पडत गेला. मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक काढलं. त्या आठवड्याच्या रकान्यात गैरहजेरीची रांग. वर्गात अकरा मुलं. शिकवणारा मी. अकरा मुलांना शिकवून मी आराखड्यात त्या धड्यासमोर बरोबरची खूण केली होती, 'पूर्ण' असं लिहून सही ठोकली होती. माझी सही ठसठशीत आहे. त्या दिवशी ती बघवेना.

मुलांना येत नव्हतं असं नाही. त्यांना तो एक थेंब कुणी दिलाच नव्हता. पुढच्या शनिवारी मी फळ्याकडे गेलोच नाही. सगळ्यांना एका टेबलाभोवती उभं केलं आणि तो थेंब घालून दाखवला. स्वच्छ वाटणाऱ्या द्रावणात पुन्हा पांढरं ढगाळ उठलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आयला, अजून हाय की आत!" माझ्या सगळ्या नोकरीत मला मिळालेली दाद म्हणजे ती.

इनामदार सर एका शनिवारी डोकावले. कोट घातलेला, हात मागे. मला वाटलं, किती मुलं आलीत ते मोजायला आलेत. ते रणदिवेच्या टेबलापाशी थांबले, नाक आक्रसलं आणि म्हणाले, "अरे, आधी उकळ. वायू सगळा जाऊ दे, मग पुढचं घाल." मग कोट काढून खुर्चीवर ठेवला. त्या दिवशी दोन तास संपले तरी ते गेले नाहीत. मल्लप्पाची होटगीची गाडी चुकली. "दुसरीनं जाईन," म्हणाला. पुढचे सगळे शनिवार इनामदार सर आले. त्यांचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. मी रागात पटकन बोलतो, बाकीचं तोंडात अडकतं.

फेब्रुवारीत फेरचाचणी झाली. पुन्हा बीकर, पुन्हा चिठ्ठ्या, आणि या वेळी बाटल्यांचे आकडे सरांनी स्वतः बदलले होते, मल्लप्पालाही माहीत नव्हते. साठांतले त्रेपन्न पास. रणदिवेला मँगनीज निघालं होतं, त्याने बरोबर ओळखलं. माझा लिहून दिलेला कागद त्याने परत आणून दिला. "घ्या, सर. फाडा. यादी नको आता." बाहेरच्या परीक्षकांनी त्या वर्षी आपल्याबरोबर आणलेले क्षार दिले. आमच्या मुलांनी तेही ओळखले. परीक्षक निघताना म्हणाले, "तुमची मुलं थांबून तपासतात. असं कमी दिसतं."

आता फसवणुकीकडे येतो.

जूनमध्ये मी नवा आराखडा दिला. गटांचा धडा गड्ड्यातून काढून फेब्रुवारीत टाकला, शेवटच्या पानावर यादीऐवजी चिठ्ठ्यांची पद्धत लिहिली आणि शनिवारचे दोन तास घातले. आराखडा परत आला तेव्हा शनिवारवर लाल पेन्सिलीची आडवी रेघ होती. बाकी सगळं तसंच.

मी तडक प्राचार्यांकडे गेलो. या वेळी चहा आला नाही.

"सर, शनिवार?"

"वाघमोडे, निकाल आता उत्तम आहे. मग जादा तास कशासाठी?"

"निकाल त्या तासांमुळे उत्तम आहे, सर. आपलं ठरलं होतं."

"कागदावर काही आहे का?"

"कागदाखाली तुमचा हात होता, सर."

ते हसले नाहीत. म्हणाले, "परिस्थिती बदलते." माझा आवाज किती वर गेला असेल ते सांगत नाही. बाहेरचे दोन कारकून उठून उभे राहिले होते, एवढं आठवतं.

पहिली अटही कशी मोडली ते दोन वर्षांनी कळलं. इनामदार सर निवृत्त झाले, विभागप्रमुखाच्या जागेसाठी मुलाखत झाली. ज्येष्ठ मी होतो. नियामक मंडळातल्या एका सभासदाने समोरचा कागद बघत विचारलं, "तुमच्याकडे चाचण्यांची जबाबदारी आली त्या वर्षी साठांतली एकोणीसच मुलं पास झाली होती, बरोबर?" नोंदवायचा नव्हता तोच आकडा. माझ्या गोपनीय अहवालात प्राचार्यांनी तो लिहिलेला होता. त्रेपन्नाचा आकडा त्या कागदावर नव्हता. तो कॉलेजच्या वार्षिक अहवालात होता, 'विभागाची उज्ज्वल परंपरा' या मथळ्याखाली. प्रमुखपद बाहेरून आलेल्या गृहस्थांना मिळालं. माणूस चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. प्राचार्यांबद्दल आहे, आणि ती मी विसरलो असं कुणी समजू नये.

पण शनिवार थांबला नाही. रेघ मारली त्या जूनच्या पहिल्याच शनिवारी मी सामान आवरायला म्हणून प्रयोगशाळेकडे गेलो, तर दार उघडं. मल्लप्पा बर्नर पुसत होता.

"आराखड्यात नाही आता, मल्लप्पा."

"व्हय. ऐकलं की. किल्ली माझ्याकडंच हाय न्हवं?"

आणि पायरीवर नवीन वर्षाची तीन मुलं बसली होती. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "रणदिवेदादांनी." ज्या होस्टेलात टेबलांची यादी फिरायची, तिथे आता शनिवारचा निरोप फिरतो. इनामदार सर निवृत्त होईपर्यंत येत राहिले. लक्ष्मी एम.एस्सी. करते आहे, सुट्टीत आली की एखाद्या शनिवारी येते आणि तारा धुवायला शिकवते. मागच्या वेळी तिने वडिलांना आणलं होतं. त्यांनी तांब्याच्या क्षाराचा निळा रंग उजेडाकडे धरून बघितला आणि विचारलं, "हा सुतावर टिकतो का?" पुढच्या शनिवारी पोरांनी सूत बुडवून तपासलं. नाही टिकत.

हे सगळं एका माणसाच्या खिशातल्या किल्लीवर चाललंय, आणि तो मे महिन्यात घरी बसणार आहे. गेल्या महिन्यात मी कार्यालयात विचारलं, जूनपासून शनिवारी कोण उघडणार? उत्तर मिळालं, "आराखड्यात नसलेल्या कामाला माणूस देता येत नाही." नियम बरोबर आहे. म्हणून आराखड्यात का नाही, हे विचारतो.

ते प्राचार्य आता निवृत्त आहेत, पण नियामक मंडळावर अजून बसतात. हा वार्षिकांक त्यांच्या घरी जातो, मला माहीत आहे. माझं विभागप्रमुखपद त्यांना परत देता येणार नाही आणि मी ते मागतही नाही. शनिवार परत देता येतो. साहेब, ती लाल रेघ कोणत्या कारणाने मारलीत, ते मंडळाच्या पुढच्या बैठकीत उभं राहून सांगा. कारण सांगता येत नसेल तर रेघ मागे घ्या. जूनचा आराखडा यंदाही माझ्याकडेच आहे आणि शनिवारचे दोन तास मी त्यात शाईने लिहिणार आहे. ज्यांना ते खोडायचे असतील त्यांनी घरी बसून पेन्सिल चालवू नये. शनिवारी दुपारी दोन वाजता प्रयोगशाळेत यावं, तारा धूत उभ्या असलेल्या पोरांसमोर खोडावं आणि का खोडलं ते त्यांनाच सांगावं. पोरं प्रश्न विचारतील. उत्तर मिळेपर्यंत दार उघडं राहील, ते मी बघतो.